सत्काराच्या यादीतलं एक नाव

कार्यकर्त्यांच्या सत्काराची यादी करायला बसलं की नाशिकात वाद नवा नाही. यंदाचा वाद मात्र वेगळ्या नावावरून पेटला आणि अजून धुमसतोय. एका यादीत कुणीतरी नाव सुचवलं ते अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनपट) आणि मांगाच्या (जपानी चित्रकथांच्या) चाहत्यांचा मेळावा गेली कित्येक वर्षं बिनपगारी सांभाळणाऱ्या एका गृहस्थाचं. एक बाजू म्हणाली, 'जपानी कार्टूनं बघणारी पोरं गोळा करणं हे कसलं सामाजिक कार्य?' दुसरी बाजू म्हणाली, 'त्या माणसाने आपले सगळे रविवार वाहून टाकले, त्याला एक शाल द्यायला तुमचं काय जातं?' पहिल्यांनी काम न बघताच निकाल दिला. दुसरे कामाबद्दल अवाक्षर न काढता फक्त त्यागाबद्दल बोलले. माझं मत असं की एखाद्या छंदापायी जमलेल्या अनोळखी माणसांना एकमेकांशेजारी नीट बसता-बोलता यावं अशी घडी बसवणं, आणि ती वर्षानुवर्षं विस्कटू न देणं, हे अस्सल सार्वजनिक काम आहे. म्हणून ते नाव यादीत हवंच. पण सार्वजनिक काम म्हटलं की त्याचा हिशेबही मागायचा असतो आणि त्याचा भारही वाटून घ्यायचा असतो. हे उरलेलं टाळायचं असेल तर शाल देण्यात अर्थ नाही.

आधी काम तरी बघू, कारण एवढ्या वादात त्याचाच उल्लेख कुठे नाही. गंगापूर रोडजवळच्या एका लहानशा सभागृहात ही मंडळी जमतात. तिथे एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात मांगाचे खंड. एकेक खंड चार-पाचशे रुपयांना पडतो आणि लोकप्रिय मालिकेचे खंड पन्नासाच्याही पुढे जातात. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या पोराने ते विकत कसे घ्यायचे? म्हणून वर्गणीतून घेतलेले खंड घरी न्यायला मिळतात. त्याची वही आहे. नाव, खंडाचा क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'पान सुटलं, चिकटवलं' अशा नोंदी. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. नवा वाचक पुस्तक हमखास उलटं उघडतो, आणि हा गृहस्थ शेजारी बसून बोटाने दाखवतो की आधी ही वरची उजवी चौकट, मग ही डावीकडची, मग खाली. हे त्याने किती जणांना दाखवलं असेल! मेळाव्याचे नियमही त्यानेच बसवले. ज्याने मालिका पुढे पाहिलेली नाही त्याच्यासमोर शेवट फोडायचा नाही. कॉस्प्ले करून, म्हणजे मालिकेतल्या पात्राचा वेश घालून, आलेल्या मुलीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि ती नको म्हणाली तर कारण विचारायचं नाही. हा दुसरा नियम मोडणाऱ्या दोघांना त्याने सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. त्यातला एक मेळाव्याला चांगली वर्गणी देणारा होता. त्यानंतर मुली मैत्रिणींना घेऊन येऊ लागल्या.

एका रविवारी सिडकोतून आलेली एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दारात उभी होती. 'कार्टूनच आहे ना दादा, मग बसू द्या की त्याला,' म्हणाली. त्या दिवशी चर्चा होती ती माणसं खाणाऱ्या राक्षसांच्या मालिकेवर, आणि मुलगा ती मालिका मोबाइलवर आधीच बघत होता. त्या गृहस्थाने मुलाला हाकललं नाही. बाहेरच्या बाकावर दोघांना बसवलं आणि सांगितलं, 'ताई, जपानात चित्रकथांची मासिकं वयाप्रमाणे वेगळी निघतात. शोनेन म्हणजे साधारण शाळकरी मुलांसाठी, सेइनेन मोठ्यांसाठी. आणि शोनेनमध्येसुद्धा सगळंच याच्या वयाला चालण्यासारखं नसतं.' मग कपाटातून व्हॉलिबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या गोष्टीचा पहिला खंड काढून मुलाच्या हातात दिला आणि वहीत नोंद केली. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चित्रं हलली की ते लहान मुलांचं, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की मुलगा काय बघतो हे घरात कुणी विचारत नाही. शिंच्यान ही जपानी मालिका 'हंगामा' वाहिनीवर २००६ साली आली तेव्हाही तिचं मूळ मोठ्यांच्या नियतकालिकातलं आहे, हे किती पालकांना ठाऊक होतं? शहरात पालकांना हे समजावून सांगणारी दुसरी जागा कोणती आहे ते विरोधकांनी सांगावं.

त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी हलका करणार नाही. ते म्हणतात, गावाकडे मान देण्याची जागा थोडी असते. गोदावरी साफ करणारे आहेत, रक्तदानासाठी रात्री-अपरात्री धावणारे आहेत, बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणारे आहेत. सिंहस्थ तोंडावर आलाय, घाटांवर आणि दवाखान्यांत शेकडो हात लागणार आहेत. अशा वेळी ज्याच्या कामावाचून कुणाचा जीव अडत नाही त्याला त्यांच्या रांगेत बसवणं हा त्यांचा अपमान नाही का? गरजेची उतरंड असते हे मलाही मान्य आहे. जीव वाचवणारा पहिला, यात वाद नाही. पण हा निकष शेवटपर्यंत नेला तर गावात उरतं काय? आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच 'सावाना', १८४० सालचं. पहिलं मराठी वृत्तपत्र निघून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या काळी नाशिकात दुष्काळ नव्हते की रोगराई नव्हती? वर्तमानपत्र वाचल्यावाचून तेव्हा कुणाचा जीव अडत होता? तरी ते उभं राहिलं, आणि आज सावाना म्हटलं की आपली मान ताठ होते. त्याची वर्गणी गोळा करणारे, पुस्तकांना खळ लावणारे, उशिरा पुस्तक आणणाऱ्याशी हुज्जत घालणारे किती जण होऊन गेले! त्यांनी कुणाचा जीव वाचवला नाही. त्यांनी गावाला एकत्र बसून वाचायची सवय लावली.

यावर उत्तर येतं की वाचनालय म्हणजे ज्ञान आणि अ‍ॅनिमे म्हणजे नुसती करमणूक. ज्या शहरात हे बोललं जातं त्याच्या इतिहासाकडे तरी बघा. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा चित्रपट ही इतकी हलकी गोष्ट मानली जायची की तारामतीचं काम करायला बाई मिळेना. ते अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि १९१५ साली त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवत 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चलतपट केला. जपानातले पहिले अ‍ॅनिमे चित्रपट १९१७ सालचे. म्हणजे निर्जीव वस्तूला चालतं करण्याचं हे वेड मुळात आपल्याला परकं नाही. ते आपल्याकडेही तेवढंच जुनं आहे, फक्त आपण ते जोपासलं नाही. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे आणि आपण पाहुण्यांना ते हौसेने दाखवतो. पण फाळके १९४४ साली याच शहरात वारले तेव्हा ते चित्रसृष्टीपासून दूर फेकले गेले होते, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडलं. करमणूक म्हणून हिणवलेल्या गोष्टीचा वारसा होतो तेव्हा तिचा माणूस हयात नसतो, हे नाशिककरांना नव्याने शिकवायला हवं का?

आणि फाळक्यांचीच गोष्ट निघाली आहे तर सरस्वतीबाईंची काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभं राहणं, आणि हे सगळं करून अख्ख्या चमूचा स्वयंपाक, एवढं त्या बाईंनी केलं. त्यांचे दागिने गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली. भारतीय चित्रपटाचा जनक सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या फिल्मला छिद्रं कुणी पाडली हे शंभरातल्या कितीजणांना ठाऊक असेल? कलेच्या इतिहासात नाव राहतं ते कलावंताचं. कला ज्या सोबतीवर, ज्या व्यवस्थेवर उभी असते ती व्यवस्था सांभाळणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर येत नाही. हाच अन्याय आपण आज, डोळ्यांदेखत, आणखी एका माणसाच्या बाबतीत करायला निघालो आहोत.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडूनच येतो आणि त्यातही तथ्य आहे. अ‍ॅनिमे हा आता मोठ्या कंपन्यांचा धंदा आहे. अ‍ॅनिमे ऑनलाइन दाखवणारी क्रंचीरोल सोनीच्या मालकीची आहे. चाहता मेळावे भरवतो, नव्या पोरांना चटक लावतो, आणि तिकिटांचे नि वर्गणीचे पैसे जातात टोकियोला आणि अमेरिकेला. मग हा कार्यकर्ता त्यांचा बिनपगारी जाहिरातदारच नाही का? कंपन्यांचा फायदा होतो हे खरंच आहे. पण चाहत्यांच्या या खटपटीने आपल्या पदरात काय पडलं तेही मोजा. जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' २०१९ च्या ऑक्टोबरात भारतातल्या चित्रपटगृहांत लागला तो ५० हजारांहून अधिक चाहत्यांनी सह्या करून मागणी केली म्हणून. तोवर वितरकांच्या लेखी इथे या चित्रपटांना प्रेक्षकच नव्हता. त्यानंतर वाट रुळली. युगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा अ‍ॅनिमेशनपट बघा. जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून केलेली कलाकृती, आमची पंचवटी तिच्यात आहे, जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला आवाज अरुण गोविलांचा. १९९२ साली पुरा झालेला हा चित्रपट देशभरातल्या पडद्यांवर थाटात आला २४ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या तीस वर्षांत तो लोकांच्या आठवणीत ठेवला तो टीव्हीवर बघितलेल्या पोरांनी, पुढच्या पोरांना सांगून सांगून. ही आठवण जपण्याचा पगार कुठल्या कंपनीने दिला होता?

पायरसीचा डाग मात्र खरा आहे. या चाहत्यांच्या दोन पिढ्या चोरून उतरवलेल्या फायलींवर वाढल्या, कारण रीतसर मिळण्याची सोय नव्हती. आता ती आहे, तेव्हा ती सबब संपली. आमच्या मेळाव्यात पायरेटेड फाइल चालवू द्यायची नाही, चित्रपट बघायचा तर सगळ्यांनी मिळून थिएटरात तिकीट काढून, हा नियमही याच गृहस्थाने आणला आणि त्यापायी बरेच जुने सोबती गमावले. चाहत्यांना वळण लावणारा कुणी नसता तर हा नियम कुठल्या पोलिसाने आणला असता?

पगाराचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. काहीजण म्हणतात, कामाचं एवढं मोल आहे तर मानधन द्या, नाहीतर सत्कार म्हणजे फुकट राबवून घेण्यावर घातलेली शाल आहे. हा युक्तिवाद मला सगळ्यांत जवळचा वाटतो, तरी मी त्याच्याशी अर्धाच सहमत आहे. खर्च पदरमोड करून व्हायला नकोत. सभागृहाचं भाडं, खंडांची बाइंडिंग, पेट्रोल, हे सगळं वर्गणीतून गेलं पाहिजे आणि त्याच्या पावत्या पाहिजेत. पण कामाला पगार लावला की कामाचा पायाच बदलतो. त्या दोघांना बाहेर काढताना त्याच्याकडे ना गणवेश होता ना हुद्दा. लोकांनी ऐकलं कारण तो त्यांच्यातलाच, त्यांच्याइतकीच वर्गणी भरणारा. पगारी माणसाला वर्गणीदाराची मर्जी राखावी लागते. टोकियोतला कॉमिकेट बघा, चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रकथा-पुस्तकांचा बाजार. २१ डिसेंबर १९७५ रोजी चाहत्यांच्या ३२ गटांनी आणि सुमारे ७०० माणसांनी तो सुरू केला. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत तिथे ७ लाख ३० हजारांची हजेरी लागली. एवढा पसारा आजही प्रामुख्याने स्वयंसेवक सांभाळतात, आणि तिथलं धोरण असं की येणारा कुणीही ग्राहक नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळे सारखेच सहभागी. रांग ग्राहक मोडतो. सहभागी माणूस ती लावायला मदत करतो. पैसा आणून हे विकत मिळेल असं मला वाटत नाही.

आता ज्या आक्षेपावर त्या गृहस्थाचे चाहते गप्प बसतात तो घेतो. इतकी वर्षं एकाच माणसाकडे कपाटाच्या किल्ल्या, पैशांची वही आणि कुणाला बाहेर काढायचं याचा अधिकार असेल तर मंडळाचं संस्थान होतं. कार्यकर्त्याचा मालक कधी झाला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. नाशिकात अशी मंडळं काय थोडी आहेत? आरंभी झिजलेला माणूस पुढे कुणाला खुर्चीजवळ फिरकू देत नाही, आणि तो थकला की मंडळच थकतं. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की तो त्याच्या कामाविरुद्धचा पुरावा नाही. तो आमच्याविरुद्धचा, म्हणजे मेळाव्याला येऊन चहा पिऊन परतणाऱ्या आम्हा सगळ्यांविरुद्धचा पुरावा आहे. सावानाच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक होते, पॅनलं पडतात, आरोप-प्रत्यारोप होतात, आणि तो गोंगाट पुष्कळांना नकोसा वाटतो. मला तो हवासा वाटतो. लोक भांडतात याचा अर्थ ती जागा आपली आहे असं त्यांना वाटतं. या मेळाव्यात मात्र हिशेब मागायला कुणी हात वर करत नाही, कारण हिशेब मागितला तर पुढच्या वर्षी तो ठेवायला आपल्यालाच बसवतील ही धास्ती.

कॉमिकेटचंच उदाहरण पुढे नेतो. योशिहिरो योनेझावा यांनी १९८० पासून पाव शतकाहून अधिक काळ त्याचं नेतृत्व केलं. एका माणसाभोवती इतकी वर्षं फिरलेला उपक्रम त्याच्या पश्चात कोसळायला हवा होता. २००६ साली ते वारले, जबाबदारी तिघांनी मिळून उचलली आणि कॉमिकेट पुढे चालत राहिला. त्यांचा संग्रह मेइजी विद्यापीठाकडे गेला आणि त्यांच्या नावाचं ग्रंथालय २००९ साली सुरू झालं. त्यांनी काम करून दाखवलं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्यावाचून ते करता येणारी माणसं आजूबाजूला तयार होऊ दिली. हे त्या एकट्याचं कर्तृत्व नाही. शिकायला माणसं उभी राहिली हेही त्यात आलं. आपल्याकडे सत्कारमूर्तीच्या पाठीशी अशी तीन माणसं उभी आहेत का, हा प्रश्न यादी करणाऱ्यांनी विचारलाच नाही. वाद घालणाऱ्यांनीही विचारला नाही. 'कार्टून' म्हणून नाक मुरडणाऱ्याला काम उचलायचं नाही. 'त्याग' म्हणून गहिवरणाऱ्यालाही काम उचलायचं नाही. दोघांचं भांडण जोरात चालतं तेवढ्यात रविवारी खुर्च्या मांडायला पुन्हा तो एकटाच येतो.

म्हणून यादी करणाऱ्या मंडळींना माझं सांगणं आहे की नाव ठेवा, आणि मानपत्रात 'निःस्वार्थ सेवा' वगैरे मोघम शब्द लिहू नका. काय केलं ते लिहा. किती खंडांचं कपाट उभं केलं ते वहीत बघून लिहा, फोटोचा नियम लिहा, पायरेटेड फाइल बंद केल्याचं लिहा, दारातल्या पालकांशी बोलल्याचं लिहा. ते वाचून दुसऱ्या कुणाला हे काम करता येईल इतकं नेमकं लिहा. आणि मेळाव्याच्या मंडळींना सांगणं असं की सत्काराला टाळ्या वाजवायला येण्याआधी एक बैठक लावा. कपाट एकाने घ्यावं, पैशांची वही दुसऱ्याने, आणि कुणाला बाहेर काढण्याचा निर्णय यापुढे एकट्याने न घेता तिघांनी मिळून, कारणासह लिहून घ्यावा. गेल्या वर्षांचा हिशेब त्याच बैठकीत वाचला जावा. तो चोख निघेल अशी माझी खात्री आहे, पण खात्री असली तरी वाचला जावा. त्या दोघांना बाहेर काढलं ते बरोबर होतं की नाही यावरही ज्याला बोलायचं आहे त्याने तिथे बोलावं. त्या गृहस्थाला यातलं काही बोचलं तर बोचू द्या. त्याने स्वतःच मला एकदा सांगितलं होतं की लोक आपल्याला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात याचाच त्याला सगळ्यात जास्त कंटाळा आलाय. बैठकीची तारीख कुणीतरी ठरवायची आहे. मी माझ्यापुरतं वहीचं काम घ्यायला तयार आहे, अजून दोघं हवेत.